नसेल तर?

प्रॉडक्टच्या कामात चौकटींना तोटा नाही. फीचर्सना गुण देण्याचे तक्ते आहेत, मेहनत आणि परिणाम मांडणाऱ्या चार घरांच्या आकृत्या आहेत. बैठकीपुरत्या त्या उपयोगी पडतात. माझा जीव जडला आहे तो नोरिआकी कानो या जपानी प्राध्यापकांच्या मांडणीवर. सहकाऱ्यांसोबत १९८४ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. काही सोयी असायलाच लागतात, काही जितक्या जास्त तितक्या बऱ्या, आणि काही मिळाल्या तर माणूस हरखतो, नाही मिळाल्या तरी त्याची तक्रार नसते.

हे ओळखायचं कसं? प्रत्येक सोयीबद्दल दोन प्रश्न विचारायचे : असेल तर कसं वाटेल? आणि नसेल तर? आवडेल, असायलाच हवी, फरक पडत नाही, चालवून घेईन, आवडणार नाही, ही पाच उत्तरं. दोन्ही उत्तरांच्या जोडीवरून सोयीचं घर ठरतं.

सगळी ताकद त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. किराणा दुकानदाराला पेमेंट अ‍ॅपमध्ये काय हवं असं विचारलं, तर तो उधारीची नोंद सांगतो, महिन्याचा हिशेब सांगतो. ‘पैसे आले की लगेच कळायला हवं’ हे तो सांगत नाही, कारण ते त्याने गृहीतच धरलेलं असतं. मागणीच्या यादीत जे कधी येत नाही, त्यावरच त्याचा धंदा उभा असतो. मात्र छापील फॉर्मवर माणसं भिडेपोटी ‘चालवून घेईन’वर खूण करतात. म्हणून मी गल्ल्याशेजारी उभं राहून विचारते, ‘मागे बंद पडलं होतं, तेव्हा काय केलंत?’ मग खरं उत्तर येतं, बहुतेक वेळा तावातावाने.

शिवाय ही घरं कायमची नसतात. यूपीआय २०१६ मध्ये आलं. त्यानंतर भाजीच्या गाड्यांवर क्यूआर कोड लागले, पण ओल्या हातांनी विक्रेत्याला गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये डोकावावं लागे. मग रक्कम मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स आला. सुरुवातीला त्याचं केवढं अप्रूप! आज तो क्षणभर गप्प राहिला, तर गिऱ्हाईक पिशवी हातात धरून थांबतं. म्हणून आमच्या तक्त्यात प्रत्येक सोयीपुढे ती तपासल्याची तारीख लिहावी, असा माझा आग्रह असतो.

नव्या फीचरची बाजू मांडायला बैठकीत कुणीतरी असतंच. कमजोर नेटवर्कमध्येही घोषणा वेळेवर व्हावी म्हणून रात्री जागणाऱ्या इंजिनिअरच्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. ते काम रोडमॅपवर सर्वांत वर ठेवायला कानोंची मांडणी मला बळ देते.

तिच्यात आणखी एक घर आहे, उलट्या गुणाचं : असलेलीच सोय नकोशी होण्याचं. भाजीवाल्याला हवी असलेली ती खणखणीत घोषणा दवाखान्यात शेजारी बसलेल्या रुग्णाला आपल्या बिलाचा आकडा ऐकवते. तिथे आवाज किती ठेवायचा, हे आम्ही अजून डॉक्टरांनाच विचारतो आहोत. रुग्णांना विचारायचं बाकी आहे.