आपल्याच पेठेचे वाटाडे

रविवार. आज सदाशिव पेठेत आम्ही शेजारीच एकमेकांचे वाटाडे झालो. पलीकडच्या गल्लीतल्या काकांनी दुचाक्यांच्या गर्दीत दडलेला कात्रजच्या नळाचा उच्छ्वास दाखवला. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं, तेही निव्वळ उताराच्या जोरावर. नळात कोंडलेली हवा सुटावी म्हणून वाटेत हे उच्छ्वास बांधले. मी रोज तिथूनच भाजीला जाते!

मग एका आजींनी आपल्या वाड्याची दिंडी ढकलून आत नेलं. चौकात हौद, कडेच्या दगडावर घागरी टेकून टेकून पडलेली खळगी. "हात लावून बघ, गुळगुळीत झालीय," त्या म्हणाल्या. पाण्यावरून कोणाची कोणाशी जुंपायची, तेही त्यांना तोंडपाठ.

नळ कोणी बांधला हे पुस्तकात सापडतं. हौदावरची भांडणं राहणाऱ्यालाच ठाऊक. पण हौदावर कोणाकोणाला येऊच दिलं जात नव्हतं, हे आज कोणी बोललं नाही. गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी १८६८ साली घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. पुढची फेरी तिकडेच काढायची, असं मी सुचवलंय. पाण्याच्या वाटा दाखवायच्या, तर ते कुठे अडवलं होतं तेही दाखवायला हवं.