पाट

आमच्या परळच्या चाळीतल्या घरात खरा शब्द कुणाचा चालतो, असं विचाराल तर मी माळ्याकडे बोट दाखवीन. तिथे कापडात गुंडाळलेला गणपतीचा पाट असतो. गावच्या फणसाची एक अखंड फळी, खालून दोन आडव्या पट्ट्या, एवढाच ऐवज. आजोबांनी तो गॅलरीत बसून स्वतः केला. रंधा तेवढा उसना.

काम साधं दिसतं, पण नाही. रुंद फळी पाणी प्यायली की वाकायला बघते. पट्ट्या रेषांना आडव्या बसवल्या की तिचं काही चालत नाही. खाऱ्या पाण्यात लोखंडी खिळा गंजतो आणि भोवतालचं लाकूडही खातो, म्हणून स्क्रू पितळी, तेही खालून. वर अळशीच्या तेलाचे हात. रंग नाही. ओल्या रंगावरून मूर्ती सरकली तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

स्वभावाने पाट हट्टी. आषाढात नाव लिहून तो चित्रशाळेत पोचता होतो आणि त्याच्यावर मावेल तेवढीच मूर्ती घरी येते. धाकट्या काकांना दोन फुटी हवी होती. पाट काही रुंद झाला नाही.

बाहेर मात्र त्याचं कुणी ऐकलं नाही. लालबागच्या गणेश गल्लीत 1928 पासून बसणारा गणपती 1977 च्या सुवर्णमहोत्सवात मूर्तिकार दीनानाथ वेलिंगांच्या हातून 22 फुटांचा झाला, आणि मग उंचीची चढाओढच लागली. मंडळांचं 'पाटपूजन' आजही थाटात होतं. मिरवणुकीत मात्र मूर्ती असते चाकांवर. 2025 मध्ये लालबागच्या राजाच्या विसर्जनासाठी नवा मोटारीचा तराफा आणला, पण गिरगाव चौपाटीवर भरतीशी गणित जुळेना, आणि राजा कितीतरी तास पाण्यात ताटकळला.

आमचा पाट दादरच्या पाण्यात तीन बुचकळ्यांत मोकळा होतो. शाडूची माती खाली जाते, फणस वर येतो. लाकडाच्या याच गुणावर हवाईतली माणसं लाटांवर उभी राहिली. त्यांच्या जुन्या 'अलाया' फळ्या कोआच्या, नाहीतर निरफणसाच्या; म्हणजे आमच्या फणसाचे भाऊबंदच. आमच्या पाटावर कुणी पाय ठेवून बघावा! आजीने लाटेची वाट पाहिली नसती.

विसर्जनाहून येताना पाट मूठभर वाळू घेऊन येतो. आरती होते, वाळू घरभर टाकतात, आणि मग पाट गॅलरीत सावलीला उभा. उन्हात वाळवायची घाई केली की तडकतो.

मध्यंतरी कुणीतरी सनमायका लावलेला देखणा चौरंग भेट दिला. आजोबांनी तो उलटा करून खालचे खिळे बघितले आणि काही न बोलता ठेवून दिला. सध्या त्यावर टीव्हीचा रिमोट आणि गोळ्यांचा डबा असतो.