काट्यावरची सचोटी

सोमेश्वरनगरच्या परिसरात नीती आणि नफा यांचा विचार साखर कारखान्याच्या वजनकाट्यापासून सुरू करावा. तोडलेला ऊस थांबत नाही. तासागणिक वजन घटते, साखरही उतरते. काट्यावर आलेला माल शेतकरी परत नेऊ शकत नाही, म्हणून तिथे त्याला नाडणे सोपे असते. वजनाइतकाच दर उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीवर ठरतो. 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,400 रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, होती आणि त्यावरील प्रत्येक 0.1 टक्क्याला 33 रुपये 20 पैसे वाढीव. एखाद्या कारखान्याने या वाढीव उताऱ्यातला 0.1 टक्का दडवला, तर दहा लाख टनांच्या गाळपावर तीन कोटींहून अधिक रुपये शेतकऱ्याच्या पदरातून जातात. मोह लहान नाही. पण आडसाली लागण करणारा शेतकरी सव्वा-दीड वर्ष आधी रान अडकवतो, तो भरवशावर. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात सोमेश्वरखेरीज माळेगावचा कारखाना आहे, भवानीनगरचा आहे. दरांची तुलना पारापारावर होते. भरवसा उडाला की ऊस दुसरीकडे वळतो. गाळप अपुरे पडले, तरी कर्जाचे हप्ते आणि पगार थांबत नाहीत.

कोणी म्हणेल, त्यासाठी कायदा आहेच: 14 दिवसांत पैसे, नाहीतर 15 टक्के व्याज. पण व्याजाने नुकसान भरते, पुढची लागण होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळे दरातच वाटले तर कारखाना टिकेल कसा? म्हणूनच घसारा आणि दुरुस्तीची तरतूद आधी करून, वाढीव दर मागणाऱ्या सभासदाला प्रसंगी ठामपणे नाही म्हणणे हीसुद्धा नीतीच. उद्याच्या सभासदाचा वाटा आज वाटून टाकणे हे औदार्य नव्हे.

तरीही सचोटी नेहमीच आपोआप फळते, असे मी मानत नाही. शेतकरी कारखाना बदलू शकतो; बीडहून मुकादमाची उचल घेऊन आलेला कोयता, म्हणजे ऊसतोड मजूर, ती फिटेपर्यंत बांधलेला असतो. त्याच्या पाण्याची, दवाखान्याची, मुलांच्या शाळेची हेळसांड झाली, तरी ताळेबंदात कुठेच तूट दिसत नाही. म्हणून तो खर्च नफ्यातून दिलेली मदत म्हणून मांडू नये. नफा काढण्याआधीच उत्पादन खर्चात धरावा. जो सोडून जाऊ शकत नाही, त्याचे देणे चुकते केल्यावर जे उरते, त्यालाच मी नफा म्हणेन. दीर्घकाळ टिकणाऱ्या धंद्याचा हिशेब असाच असायला हवा.