ज्याचं त्याचं पान

आमच्यासारख्या घरात सहलीचा विषय निघाला की पैशाच्या आधी एक प्रश्न येतो : म्हशींचं कोण बघणार? कराडजवळ आमचं गाव. दोन म्हशी, थोडा ऊस आणि ह्यांचं कराडात मोटर रिवायंडिंगचं दुकान. घरात आठ माणसं. सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, आम्ही दोघं, दीर आणि धाकटी जाऊ, माझी मुलगी, मुलगा आणि जावेचा पाच वर्षांचा पोरगा. दोन्ही वेळची धार कुणालाच चुकत नाही, त्यामुळं सगळं घर एका वेळी गावाबाहेर पडलंय असं कधी झालंच नव्हतं. जवळच्या लग्नाला गेलो तरी निम्मी माणसं अक्षता टाकून परत यायची आणि मग उरलेली निघायची.

इमॅजिका या मनोरंजन उद्यानाचं मुलीनं काढलं. खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यात, 2013 च्या एप्रिलमध्ये ते सुरू झालं, तेव्हा ती तान्ही होती. आता तिच्या वर्गातली एक मुलगी जाऊन आली होती आणि आठवडाभर शाळेत दुसरा विषय नव्हता. नेहमीसारखं "बघू पुढं" माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी ते बोलले नाही. आमच्या लहानपणी टीव्हीवर एस्सेलवर्ल्डची जाहिरात लागायची. 1989 साली गोराईला सुरू झालेलं ते उद्यान, खाडीतून लाँचनं तिथं जातात म्हणे, एवढं ऐकूनच आम्ही खूष. माझे वडील दरवर्षी "पुढच्या उन्हाळ्यात" म्हणायचे. 2022 मध्ये ते बंद पडल्याची बातमी वाचली तेव्हा मला वडिलांचा राग आला नाही, वाईट वाटलं. त्यांना खरंच न्यायचं होतं.

2023 ची दिवाळी झाल्यावर मी एक शंभर पानी वही घेतली. खर्चाचा अंदाज काढायचा तर आपण गाडी, तिकीट, जेवण, मुक्काम असे मथळे पाडतो. मी तसं न करता माणसागणिक एक पान ठेवलं. ज्यानं त्यानं आपल्या पानावर लिहायचं : या सहलीत मला काय पाहिजे. मला आजही वाटतं की हे पहिल्यांदा केलं म्हणूनच पुढचं वर्ष निभावलं. मुलांच्या हौसेसाठी बाकीच्यांनी मन मारायचं असं ठरलं असतं तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच कुणाचं तरी तोंड वाकडं झालं असतं.

मुलीनं लिहिलं, नायट्रो, म्हणजे तिथला रोलर कोस्टर. मुलानं लिहिलं, डायनासोर. ह्यांनी लिहिलं, दोन दिवस फोन बंद. जावेनं लिहिलं, दोन दिवस चूल नाही. आत्यांना लिहिता येतं, पण त्यांनी मुलीला सांगितलं आणि तिनं लिहून घेतलं : महड आणि पाली. आत्यांचे अष्टविनायकांतले सहा गणपती झालेत. लेण्याद्रीच्या पायऱ्यासुद्धा त्या गुडघे दुखत असताना चढल्या होत्या. राहिले होते ते रायगड जिल्ह्यातले दोन, महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर. आणि ही दोन्ही गावं उद्यानाच्या अलीकडं-पलीकडं! मुलीनं नकाशात तिन्ही ठिकाणं दाखवली तेव्हा आत्यांनी चष्मा पुसून परत बघितलं. त्या दिवसापासून सहल एकट्या मुलांची राहिली नाही.

दिरांनी आपलं पान कोरंच ठेवलं. "मी जनावरांपाशी थांबतो, तुम्ही जाऊन या," म्हणाले. माझंही पान बरेच दिवस तसंच होतं. मग एका रात्री मी लिहिलं, नायट्रो.

आता पैसे. साधारण अंदाज निघाला 30,000 चा. आमच्याकडं एकरकमी पैसा येतो तो उसाच्या बिलाचा, पण तो यायच्या आधीच सोसायटीचं कर्ज आणि खताची उधारी त्याच्यावर बसलेली असते. त्याला हात लावायचा नाही, हे मी पहिल्या पानावर लिहून ठेवलं. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी होतं. त्यातले 300 रुपये बाजूला, म्हणजे महिन्याला 900. हे बँकेत वर्षभराच्या आरडीत टाकले. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती आमच्या उपयोगाची नव्हती. जाऊ ब्लाउज शिवते आणि साड्यांना फॉल-पिको करते. तिनं पतसंस्थेची पिग्मी लावली, रोजचे 20 रुपये. पिग्मीवाला दारात येतो, त्यामुळं चुकवायची सोय नसते. पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं, म्हणून तिथं एवढंच ठेवायचं आणि मोठी रक्कम बँकेत, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

उरलं ते भिशीवर. बारा जणींची, महिन्याला हजाराची. आमच्या भिशीत चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकून सगळ्यात लहान पोराला काढायला लावतात, पण कुणाला नड असेल तर तिनं आधी सांगायचं आणि बाकीच्यांनी तो महिना तिला सोडायचा. नड म्हणजे दवाखाना, शाळेची फी, बी-बियाणं. मी कार्तिकातली भिशी मागितली तेव्हा एकीनं विचारलं, "काय काढलंय?" मी म्हटलं, "सगळ्या घराला घेऊन फिरायला जायचंय." क्षणभर कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्क काकी म्हणाल्या, "ही बी नडच हाय की. द्या तिला." मला ते बोलणं फार मोलाचं वाटलं.

मुलांनाही वाटा उचलायचा होता. ह्यांच्या दुकानात जळालेल्या मोटरी येतात. नवी तार भरायची तर आधी जुनं वायंडिंग छिन्नीनं तोडून काढावं लागतं. काळी पडलेली तार गठ्ठ्यानं निघते, तिच्यावर कागदाचे आणि वॉर्निशचे पापुद्रे असतात. गिऱ्हाईक ती नेत नसेल तर ती दुकानात साठते आणि भंगारात तांब्याला भाव चांगला येतो. रविवारी मुलगा-मुलगी दुकानात बसून त्या तारा साफ करायची, कागदाचे तुकडे चिमट्यानं उपसायची. हात काळे, नखं काळी. त्यांनी वजन केलं की ह्यांनी त्यातला ठरलेला भाग वहीत मांडायचा. पैसे किती लागतात आणि किती कष्टांनी येतात, हे आधी आम्ही मुलांसमोर बोलत नव्हतो. त्या वर्षी सगळा हिशेब जेवताना मोठ्यानं व्हायला लागला. ते मला बरं वाटलं.

श्रावणात मोठ्या म्हशीच्या कासेला दगडी झाली. डॉक्टर, इंजेक्शनं, आणि वर पंधरा दिवस त्या म्हशीचं दूध डेअरीला घालता आलं नाही. चार हजारांचा खड्डा पडला. सहल पुढच्या वर्षावर ढकलायची का, हे मी सगळ्यांसमोर विचारलं. मुलीनं आणि मुलानं आत जाऊन काहीतरी ठरवलं आणि येऊन सांगितलं, यंदा फटाके नकोत. जावेनं दिवाळीच्या हंगामात रात्री जागून जास्तीचे ब्लाउज शिवले. राहिलं ते ह्यांनी घातलं.

जायचं कसं, यावर बरीच चर्चा झाली. एसटीला 2023 च्या मार्चपासून बायकांना निम्मं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना 2022 पासून फुकट. म्हणजे आत्यांना काहीच पडत नव्हतं, आम्हाला अर्धं. जाण्यायेण्यात मोठी बचत होती. पण कराड-स्वारगेट, तिथून खोपोली, तिथून महड, पाली, आणि मग उद्यान, एवढ्या गाड्या बदलत आत्यांना न्यायचं माझ्या मनाला पटेना. शेवटी क्रूझर ठरवली. पहिल्या गाडीवाल्यानं फोनवर एकच आकडा सांगितला. खोदून विचारल्यावर टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा निघाला. दुसऱ्याकडून मी सगळं कागदावर मागितलं : किलोमीटरचा दर, दिवसाला किमान 300 किलोमीटर, भत्ता, आणि तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, द्रुतगती मार्ग हे टोल कुणी भरायचे. ज्यानं न कुरकुरता लिहून दिलं त्याची गाडी घेतली.

दिवसही निवडूनच घेतला. शनिवार-रविवारी तिकिटाचा भाव चढा असतो, दिवाळीच्या सुट्टीत तर रांगाच रांगा. म्हणून शाळा सुरू झाल्यावरचा बुधवार-गुरुवार. मंगळवार आणि दोन्ही चतुर्थ्या देवळांच्या गर्दीसाठी टाळल्या. तिकिटात 18 टक्के जीएसटी धरलाय का, हे बघून मगच मुलीनं फोनवरून बुकिंग केलं. शेजारचं वॉटर पार्क वेगळ्या तिकिटाचं, ते सरळ सोडून दिलं. मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. म्हणून आधीच टेप घेऊन दाराच्या चौकटीला उभं करून मापं घेतली. मुलगा नायट्रोला पुरत नव्हता. तो घरी रडला, पण तिथं रांगेच्या तोंडाशी जाऊन परत फिरण्यापेक्षा हे बरं झालं.

आणि म्हशी. शेजारच्या काकी आषाढीला वारीला जातात तेव्हा त्यांची जनावरं आमच्याकडं असतात, त्यामुळं त्यांनी लगेच हो म्हटलं. पण मोठी म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. आठवडाभर आधीपासून काकी माझी जुनी साडी अंगावर घेऊन, मी शेजारी उभी असताना धार काढायला बसायच्या. पहिले दोन दिवस तिनं बादली उधळली. चौथ्या दिवशी पान्हा सोडला. मी गोठ्यातूनच दिरांना हाक मारली, "भाऊजी, कपडे भरा!"

पहाटे निघालो. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. उद्यानात बाहेरचं खाणं नेता येत नाही, म्हणून आतल्या एका जेवणाचे पैसे वेगळे काढून ठेवले होते आणि बाकीचं गाडीतच उरकायचं होतं. महडला गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हातानं पूजा करता येते. आत्यांनी दुर्वा वाहिल्या आणि 1892 पासून तेवत असल्याचं सांगतात त्या नंदादीपापाशी बराच वेळ बसल्या. पालीला आधी धुंडीविनायक, मग बल्लाळेश्वर. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर दिलेली म्हणतात ती घंटा मुलांनी मान वर करून बघितली. मुक्काम पालीतच एका साध्या खोलीवर. उद्यान तिथून तासाच्या आत, त्यामुळं दुसऱ्या दिवशी फाटक उघडायला आम्ही हजर.

नायट्रोला पायाखाली जमीन नसते. खुर्चीत बसवून खांद्यावरून दांडा आला की खालचा फळा सरकतो आणि पाय लोंबकळतात. ताशी शंभराच्या वर वेग, पाच वेळा उलटं. ह्यांना बीपीची गोळी चालू, म्हणून ते खाली राहिले. आमच्या सगळ्यांच्या पिशव्या, चपला, मुलीचा चष्मा, सगळं ह्यांच्याकडं. इतकी वर्षं जत्रेत पिशव्या धरून मी खाली उभी असायचे. वर चढताना मुलीनं माझं मनगट धरलं आणि पहिल्या उतारावर मी इतक्या जोरात ओरडले की घसा दोन दिवस बसला होता. उतरल्यावर परत रांगेत उभं राहायचं मीच म्हणाले.

मुलगा राजासॉरसच्या होडीतून भिजून निघाला आणि लगेच परत जायला पळाला. कोरडे कपडे नेल्याचा तिथं उपयोग झाला. धाकटा अलिबाबाच्या गुहेत बंदूक चालवून आला आणि दिवसभर बोटाची बंदूक करून हिंडला. आत्यांसाठी आम्ही 'आय फॉर इंडिया' ठेवलं होतं. खुर्च्या उचलून पुढं नेतात, समोर भला मोठा गोल पडदा आणि आपण देशावरून उडत चाललोय असं वाटतं. विमानात त्या कधी बसलेल्या नाहीत. बाहेर आल्यावर पदर सावरत म्हणाल्या, "इतकं मोठ्ठं हाय व्हय सगळं." मग बाकावर बसल्या आणि जावेला जवळ बसवून घेतलं. दोघी तासभर येणारी-जाणारी माणसं बघत बसल्या. जावेनं सांगितलं, लग्नानंतर एवढा वेळ नुसती बसलेली तिला आठवत नाही.

ड्रायव्हरला दिवसभर गाडीत झोपायला सांगितलं होतं, कारण परतीचा रस्ता रात्रीचा होता. खेड शिवापूरच्या पुढं चहाला थांबलो तेव्हा मी वही काढली. अंदाजापेक्षा 1,300 रुपये जास्त गेले होते, बरेचसे आतल्या जेवणात. दीर चहाचा कप घेऊन शेजारी आले.

"वहिनी, माझं पान अजून कोरंच हाय ना?"

"हाय की. काय लिहू?"

"रात्रीची रेल्वे. झोपायच्या डब्यातनं. कुठं का जाईना."

जाऊ गाडीतूनच म्हणाली, "लिवा, ताई. पिग्मी मी बंद केलेली नाही."