बारा तारखेपर्यंतचा घोळ

मुलुंडच्या एका हाउसिंग सोसायटीचा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधला हिशेबाचा जुना प्रोग्रॅम दुरुस्तीला आला. खजिनदार काकांची तक्रार नेमकी होती: "रोजची जमा काढली की महिन्याच्या 12 तारखेपर्यंत भलत्याच पावत्या येतात, 13 पासून सगळं ठीक." मधेच 5 मे मात्र बरोबर यायची. एवढं ऐकलं की निदान झालंच.

ॲक्सेसच्या क्वेरीत दोन # खुणांमध्ये लिहिलेली तारीख अमेरिकन पद्धतीने वाचली जाते, आधी महिना, मग दिवस. विंडोजची सेटिंग भारतीय असली तरीही. कोडने 4 मे म्हणून 4/5 चिकटवलं, ॲक्सेसने 5 एप्रिलच्या पावत्या काढून दिल्या. 13/5 आलं की तेरावा महिना नाही म्हणून तेच आकडे गुपचूप उलटे वाचले जातात. एरर नाही, काही नाही. मला या गुपचूपपणाचा फार राग येतो. त्यापायी काका कितीतरी महिने वहीत वेगळी जमा लिहीत होते.

क्वेरीच्या मजकुरात तारीख जोडूच नये. ती पॅरामीटरमधून, तारीख म्हणूनच द्यावी. मग कुठला आकडा आधी, हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा खड्डा मार्चअखेरचा. '1 मार्च ते 31 मार्च' असं बिटवीन लावलं की 31 मार्च म्हणजे त्या दिवशीचे रात्रीचे 00:00. पावतीवर वेळही साठवलेली असेल, तर त्या दिवसभराची वसुली यादीतून गळते, आणि थकबाकीदार नेमके तेव्हाच धावत येतात. म्हणून 1 मार्चपासून पुढे आणि 1 एप्रिलच्या आत, अशी अट मी लिहितो.

तिसरा खड्डा घड्याळाचा. आता डेटा ठेवणारा सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. 1 एप्रिलला रात्री साडेबाराला यूपीआयने भरलेले पैसे तिथे 31 मार्चचे ठरतात. आर्थिक वर्षच बदलतं. एकाच क्षणाला दोन घड्याळं मुंबईने पूर्वी पाहिली आहेत. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी 39 मिनिटं मागे असलेली मुंबई वेळ 1955 पर्यंत टिकून होती. सोसायटीची तारीख सोसायटीच्याच घड्याळाने ठरली पाहिजे. म्हणून दिवसाच्या दोन्ही सीमा मी आधी भारतीय वेळेत ठरवतो, मग यूटीसीत बदलून क्वेरीला देतो.

प्रोग्रॅम परत देण्याआधी तीन खोट्या पावत्या टाकल्या: 4 मे, 31 मार्च रात्री पावणेबारा, 1 एप्रिल पहाटे दोन. काकांनी यादी वहीशी ताडून पाहिली.