थर लागले, पण उतरले का?

दहीहंडीच्या उंच थरांवर सरसकट बंदी यावी, असं माझं मत होतं, आणि ते मी कधी लपवलं नाही. जामसंड्याच्या नाक्यावर, लग्नाच्या पंगतीत, शाळेत मधल्या सुट्टीत, जिथे विषय निघेल तिथे बोलून दाखवायचो. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांना वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना चढायला मनाई केली, तेव्हा मला मनापासून समाधान वाटलं. माझी हयात व्यायामशिक्षक म्हणून गेली. मान आणि पाठीचा कणा किती जपायचा असतो, हे पोरांच्या कानीकपाळी ओरडत आलो. त्यामुळे या विषयात माझ्या शब्दाला गावात थोडा मानही होता. आज ते मत माझं राहिलेलं नाही. पार उलटं झालंय असंही नाही. ते कुठून कुठे सरकलं, हे मांडायला हवं, कारण ज्यांना मी बंदीचं पटवून दिलं त्यांतले बरेच जण अजून त्याच मतावर आहेत.

मनोरे मला नवे नव्हते. सव्वीस जानेवारीला नाहीतर स्नेहसंमेलनात मानवी मनोरे करायची कोकणातल्या शाळांची जुनी रीत. तळाला धष्टपुष्ट मुलं ओणवी बसवायची, तळहात बरोबर खांद्यांच्या रेषेत, पाठ सरळ. चढणाऱ्याने अनवाणी चढायचं. पाय पाठीच्या मध्यावर कधीच नाही. कमरेच्या हाडावर, नाहीतर खांद्याच्या पात्यावर. सगळ्यात वर हलकं, न घाबरणारं पोर, हातात छोटा तिरंगा. टाळ्या त्याला. संमेलनाच्या आधी पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, आमचो झील खय आसा? वर मा?" खाली आहे म्हटलं की चेहरा उतरायचा. मीही तळाच्या मुलांना एवढंच सांगायचो, हलू नका. वर जाणाऱ्याला कौशल्य लागतं, खालच्याला ताकद पुरते, अशी माझी समजूत होती. तीच समजूत घेऊन मी टीव्हीवर मुंबईचे आठ-नऊ थर बघायचो आणि मला दिसायचं ते फक्त वरचं पोर, खालची जमीन आणि मधली उंची.

बहीण जोगेश्वरीला राहते. दहीहंडीवाल्यांची ती पंढरीच. जय जवान पथक तिथलं. २०१२ मध्ये ठाण्यात त्यांनी नऊ थर लावले, ४३.७९ फूट, आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. कोकण नगर पथकही जोगेश्वरीचंच. १६ ऑगस्ट २०२५ ला ठाण्यात त्यांनी दहा थर रचले. गुरुपौर्णिमेला नारळ वाढवून पथकांचा सराव सुरू होतो आणि मग हंडीपर्यंत रोज रात्री मैदानं भरलेली असतात. एका पावसाळ्यात डोळ्यांच्या उपचारांसाठी बहिणीकडे मुक्काम पडला. घरामागच्या मैदानात एक पथक सराव करायचं. आवाजाने झोप येईना, म्हणून खाली जाऊन बसायला लागलो.

पहिल्या रात्री मी नेहमीसारखा वर बघत होतो. सराव घेणारा चाळिशीतला गृहस्थ मूळचा मालवणकडचा निघाला. मी कुठला, काय करायचो हे कळल्यावर माझ्या शेजारी येऊन म्हणाला, "सर, वर बघान काय गावतला? पोटरेंकडे बघा."

पोटऱ्या. तिसऱ्या थरावरच्या मुलाच्या पोटऱ्या हलक्या थरथरायला लागल्या की याची शिटी वाजायची आणि अर्धा लागलेला मनोरा उतरवायला घ्यायचे. कुणी हिरमुसत नसे. बेसला, म्हणजे तळाच्या थराला, उभ्या असणाऱ्यांची हनुवटी छातीला टेकलेली, हात एकमेकांच्या खांद्यांत गुंफलेले. वरच्याचं पाऊल खांद्याच्या टोकावर नाही, मानेला लागून. बेसच्या मागे पाठीला छाती भिडवून दुसरं कडं, त्यामागे तिसरं. या मागच्यांचं काम सोपं दिसतं, पण ते सोपं नसतं: पुढच्याला रेटून धरायचं, त्याला ढकलायचं मात्र नाही, आणि बाहेरच्यांनी हात आणि नजर वर ठेवायची, म्हणजे कुणी सुटलाच तर जमिनीआधी हातांवर येईल. पाच थरांवर चार एक्के, म्हणजे एकावर एक एकेकटेच उभे, अशी नऊ थरांची एक रचना असते. त्यातल्या सगळ्यात खालच्या एक्क्याचा हिशोब मी मनाशी मांडला. वरचं पोर तीस किलोचं, त्याखालचा पंचेचाळीसचा, त्याखालचा पन्नासचा. सव्वाशे किलो दोन खांद्यांवर, आणि हा स्वतः जमिनीपासून पाच माणसं वर. हे नुसत्या ताकदीचं काम नाही. श्वास कधी सोडायचा, वजन डाव्या पायावरून उजव्यावर कसं घ्यायचं, भीती वाटली तर ती आवाजात न आणता खाली कशी कळवायची, हे सगळं त्याला येत होतं.

बेसला उभ्या असलेल्याला वरचं काहीच दिसत नसतं. कानावर हुकूम, खांद्यावर वजन, एवढ्यावरच तो सगळं ओळखतो. नयन फाउंडेशनचं दृष्टिहीन गोविंदांचं पथक मुंबईत थर लावतं, त्याचं मला आता नवल वाटत नाही, आदर वाटतो.

पण माझं मत हललं ते थर उतरताना पाहून. सरावाला हंडी नव्हती, बक्षीस नव्हतं, त्यामुळे जेवढे थर लागायचे तेवढे सगळे नीट उतरवले जायचे. वरच्याने आधी बसायचं, मग खालच्याच्या पाठीला चिकटून घसरायचं, त्याच्या कमरेच्या पट्ट्याला पाय अडकवून क्षणभर थांबायचं, मग पुढचा थर. चढण्यापेक्षा हे संथ चालतं, आणि नेमकं तेव्हाच खालचे सगळ्यात जास्त दमलेले असतात. हंडीच्या दिवशी काय होतं ते आपण बघितलेलं आहे. सलामी दिली, नाहीतर मडकं फुटलं, की बँजोचा आवाज चढतो, पाण्याचे फवारे सुटतात, निवेदक पुढच्या पथकाला पुकारतो. थर अजून हवेतच असतात आणि त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. मी ज्या उंचीला दोष देत होतो, तिच्याइतकंच हे अर्धं मिनिट घातक आहे, हे त्या मैदानात माझ्या ध्यानात आलं.

खालच्यांचं हेच महत्त्व मला पुढे घरातल्याच एका पोरीने वेगळ्या खेळात दाखवलं. माझ्या चुलतभावाची नात अमेरिकेत न्यू जर्सीत शाळेच्या चीअरलीडिंग संघात आहे. २००८ मध्ये आयपीएल आली तेव्हा सीमारेषेवर नाचणाऱ्या मुली आपण पाहिल्या आणि चीअरलीडिंग म्हणजे तेवढंच, असं माझ्यासह सगळ्यांनी धरलं. पोरीने व्हिडिओ कॉलवर आपला सराव दाखवला आणि माझ्यातला व्यायामशिक्षक सरसावून बसला. दोघी बेस, समोरासमोर, वरच्या मुलीचं एकेक पाऊल एकेकीच्या तळहातांवर. वर जाणारी ती फ्लायर. तिने अंग काठीसारखं ताठ ठेवायचं, सैल पडली की खालच्यांना ती दुप्पट जड. आणि मागे बॅकस्पॉट. आमची पोर ही बॅकस्पॉट. "आजोबा, मी वर जात नाही. मी तिचे घोटे धरते आणि ती खाली येताना तिचं डोकं आणि मान सांभाळते," तिने सांगितलं. मोजणी तीच करते, आणि फ्लायरवरून नजर काढायची नाही हा तिचा पहिला नियम. मी विचारलं, तुला वर जावंसं नाही वाटत? तिला प्रश्नच कळला नाही.

तिथे शाळेच्या संघांना दोन माणसांपेक्षा उंच मनोरा करता येत नाही, कॉलेजला अडीच. २००६ मध्ये कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यात एक मुलगी मनोऱ्यावरून डोक्यावर पडली, त्यानंतर उघड्या लाकडी फरशीवरचे धोक्याचे प्रकार बंद करण्यात आले. म्हणजे उंचीची मर्यादा तिथेही आहेच. पण तिच्यासोबत कोण कुठे उभं राहणार, झेलणार कोण, खाली गादी आहे का, हेही नियमात आहे. १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने घोषणा देण्यापासून सुरू झालेल्या या प्रकाराच्या जागतिक संघटनेला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने पूर्ण मान्यता दिली, ती नुसत्या नाचाला नाही.

स्पेनमधल्या कातालोनियात माणसांचे मनोरे रचायची परंपरा दोन शतकांहून जुनी आहे. २०१० मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांचा पाया, ज्याला ते पिन्या म्हणतात, शेकडो माणसांचा असतो. त्यात म्हातारे असतात, बायका असतात, बँकेतून सुटून आलेले कारकून असतात. पडणाऱ्याला हा पायाच झेलतो. २००६ मध्ये एका मुलीचा पडून मृत्यू झाला. आज त्यांची वर चढणारी मुलं हेल्मेट घालून चढतात. आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट ही: वरच्या मुलाने हात उंचावला की मनोरा लागला असं धरतात, पण पूर्ण झाला असं म्हणत नाहीत. सगळे थर सुखरूप उतरले तरच तो पूर्ण. स्पर्धेत दोन्हींचे गुण वेगळे, उतरवलेल्याचे जास्त.

आपल्याकडे कायद्याची गाडी बरीच पुढे गेली आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा शिथिल करायला नकार दिला होता. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची अट काढली आणि वयाची अट चौदा वर्षांवर आली. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि गोविंदाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला दहा लाखांची मदत ठरवली. २०२३ मध्ये वरळीला प्रो गोविंदा स्पर्धा झाली. चौदा वर्षांची अट मात्र मोडलीच जाऊ नये, इथे माझं मत तसूभरही बदललेलं नाही. दहा वर्षांच्या मुलाला चाळीस फुटांवर जायचा होकार देता येत नसतो. तो होकार मोठ्यांचा असतो. चढणारा हलका हवा म्हणून लहान पोर शोधणाऱ्या मंडळाला सरळ बाद करावं.

आता आमच्या गावाकडे वळतो, कारण मुंबईच्या पथकांपेक्षा मला जास्त काळजी जामसंडे-देवगडची आहे. आमच्याकडे हंडी चार-पाच थरांची. "एवढ्याला काय होता!" असं म्हणतात. पण मुंबईचा गोविंदा गुरुपौर्णिमेपासून घाम गाळून येतो आणि आमचे पोरगे गोपाळकाल्याच्या दिवशी दुपारी गोळा होतात. चाकरमानी आदल्या रात्रीच्या गाडीने आलेला, बेसला कोण हे हंडीखाली ठरतं, दुसऱ्या थराला कोण हे बेस लागल्यावर. श्रावणातला पाऊस, जांभ्याची शेवाळलेली जमीन, आणि वर पाणी ओतणारे आपणच. अशा चार थरांपेक्षा सरावातले सात थर मला कमी धोक्याचे वाटतात. बंदी मागत होतो तेव्हा हा फरक माझ्या हिशोबातच नव्हता. वीस फुटांची मर्यादा आमच्या हंडीला फारशी लागलीच नसती, आणि खरी बेफिकिरी इथेच आहे.

देवगडच्या माणसाला हे समजावायला लांब जायला नको. हापूस कितीही उंच फांदीवर लागो, तो खाली कसा आला यावर त्याची किंमत ठरते. जमिनीवर आपटलेला आंबा आपण पेटीत भरत नाही.

तेव्हा आयोजक मंडळांना माझी विनंती आहे. बक्षीस थर लागल्यावर जाहीर करू नका. शेवटचा गडी जमिनीवर उतरेपर्यंत थांबा, तोवर बँजो आणि माईक बंद ठेवा, आणि कोसळलेल्या मनोऱ्याला उतरलेल्या मनोऱ्यापेक्षा कमी रक्कम द्या. वरच्याला कमरेला दोर आणि डोक्याला हेल्मेट, खाली गादी, हे खर्चाचं काम आहे. पण डीजेच्या खर्चापुढे ते काहीच नाही. बक्षीस देताना व्यासपीठावर एकट्या वरच्या मुलाला बोलावू नका, बेसच्या पोरांनाही बोलवा आणि त्यांची नावं माईकवर घ्या. आणि जामसंड्यातल्या ज्या मुलांना यंदा थर लावायचे असतील त्यांनी गुरुपौर्णिमेपासून रोज संध्याकाळी मैदानावर यावं. सराव मी घेईन, आणि पहिला आठवडा फक्त उतरायचं शिकवीन.