गाळाची पकड

नृसिंहवाडीत कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर जन्म घालवलेल्या माणसास गाळाचे गुण वेगळे शिकवावे लागत नाहीत. २०१९ चा महापूर ओसरल्यावर आम्ही भिंती तीनदा धुतल्या. तरी देवघराच्या फडताळातून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गाळ निघतच होता.

त्याची आठवण झाली ती पत्नीच्या आजारपणात. थायरॉइडच्या अतिस्रावासाठी तिला किरणोत्सारी आयोडीन द्यावे लागले. काही दिवस नातवंडांपासून दूर राहणे, टॉवेल वेगळा, शौचालयात दोनदा पाणी सोडणे, अशी पथ्ये होती. (हे दिवस मात्रेनुसार बदलतात; डॉक्टरांनी सांगितले तितकेच पाळावेत.) एका रात्री ती म्हणाली, "अहो, हे पाणी शेवटी नदीलाच मिळायचे ना? जिचे तीर्थ घेतो, तिच्यातच?"

मी निरुत्तर झालो. डॉक्टरांनी समजावले, की हे आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. ऐंशी दिवसांत हजारावा भागही उरत नाही.

मग मी वाचू लागलो. अणुभट्टीच्या कचऱ्यात आयोडीन-१२९ असते. ते निम्मे होण्यास दीड कोटींहून अधिक वर्षे लागतात! असा कचरा खोल समुद्रतळाखालच्या चिकणमातीत पुरता येईल का, याचा अभ्यास १९७० व १९८० च्या दशकांत अमेरिका, जपान आदी देशांनी केला. त्या मातीतले पाणी जवळजवळ स्थिर असते. सीझियम, प्लुटोनियम यांना मातीचे कण घट्ट धरून ठेवतात, आमच्या फडताळातल्या गाळासारखे. आयोडीन मात्र त्या पकडीत फारसे येत नाही. कणांमधल्या पाण्यातून ते अतिशय सावकाश वर सरकत राहते. त्यात पिंप गंजले आणि पुरण्यासाठी पाडलेले छिद्र नीट बुजले नसले किंवा थरात भेग असली, तर वाट जवळची होते. पुढे तळाचे प्रवाह, आणि मग मासे. १९९३ मध्ये लंडन कराराच्या सदस्य देशांनी किरणोत्सारी कचरा समुद्रात टाकण्यास बंदी घालण्याचे ठरवले. आपल्याकडे तारापूरला अतितीव्र कचरा काचेत बद्ध करून देखरेखीखाली ठेवतात.

हे सारे मी पत्नीला वाचून दाखवले. ती दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारीत होती. ऐंशीवी फुली मारून ती घाटावर आली. पायऱ्यांवर ताजा गाळ होता. मी तिचा हात धरला.

"आता किती उरले असेल?" तिने विचारले.

"हजारावा भागही नाही. शरीरातून तर त्याआधीच गेले."

तिने वाकून ओंजळ भरली.